घरातल्या ट्रंक शोला पहिल्यांदा जाताना

‘येत्या गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे ट्रंक शो आहे, नक्की ये.’ ऑफिसातल्या मैत्रिणीकडून नाहीतर मुलाच्या मित्राच्या आईकडून असा निरोप येतो. खाली वाइन आणि चीजचा उल्लेख असतो. अमेरिकेत नव्याने आलेल्या बाईला प्रश्न पडतो, हा पाहुणचार की दुकान? दोन्ही: कोणाच्या तरी घरात कपडे मांडून, घालून बघू देऊन त्यांची ऑर्डर घ्यायची, याला ट्रंक शो म्हणतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. कपडे चांगले असू शकतात, अंगावर घालून निवांत बघता येतात, गर्दी नसते. पण जिच्या सोफ्यावर बसून खाल्लं-प्यायलं, तिच्या देखत ‘नको’ म्हणणं मॉलमधल्यापेक्षा फार जड जातं. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते इथे क्रेडिट कार्डाच्या बिलावर छापून येतं. म्हणून जायच्या आधीच काही गोष्टी ठरवून ठेवलेल्या बऱ्या.

आधी व्यवहार कळू द्या

ही पद्धत जुनी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या रदरफर्डटन गावात १९३१ साली सुरू झालेल्या डॉन्कास्टर कंपनीचे कपडे बायकांनी बायकांना घराघरांतूनच विकले. टपरवेअरने १९५१ मध्ये दुकानांतून माल काढून घेतला आणि सगळी विक्री घरच्या पार्ट्यांवर आणली, ती ब्राउनी वाइज या बाईंच्या भरवशावर. ओळखीच्या घरात ओळखीच्या बाईने दाखवलेली वस्तू जास्त खपते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

आजच्या शोमध्ये तीन बाजू असतात. कपडे बनवणारी कंपनी. ते दाखवणारी स्टायलिस्ट; ती बहुधा कंपनीची पगारी नोकर नसते, कमिशनवर काम करणारी स्वतंत्र विक्रेती असते आणि नमुन्यांचे कपडे पुष्कळदा तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेले असतात. तिसरी होस्टेस, म्हणजे जिच्या घरी शो आहे ती. संध्याकाळभरात जेवढी विक्री होईल त्या प्रमाणात तिला सवलतीत किंवा फुकट कपडे मिळतात. यात लपवाछपवी काही नाही, विचारलंत तर ती स्वतःच सांगेल. पण ‘अय्या, हे तुला किती छान दिसतंय!’ हे वाक्य कोणाच्या तोंडून येतंय, हे ऐकताना लक्षात असू द्या.

शो दोन तऱ्हांचे असतात. एकात स्टायलिस्ट चार-पाच दिवस कपडे मांडून ठेवते आणि प्रत्येकीला वेगळी वेळ देते. दुसऱ्यात एका संध्याकाळी दहा-पंधरा जणी एकत्र जमतात, स्टायलिस्ट एकेक कपडा हातात धरून माहिती सांगते आणि मग सगळ्या बेडरूममध्ये घालून बघायला धावतात. पहिल्यांदा जाणार असाल आणि निवड असेल तर वेगळी वेळ मागून घ्या. घोळक्यात एकीने घेतलं की दुसरीला घ्यावंसं वाटतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रॅकवर दिसतात ते फक्त नमुने. ते घरी न्यायचे नसतात. घालून बघायचे, पसंत पडल्यास ऑर्डर द्यायची आणि माल कंपनीकडून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येतो. एका कपड्याचा नमुना प्रत्येक साइजमध्ये नसतो. त्यामुळे पुष्कळदा आठ नंबरचा अंगावर आणि सहाची ऑर्डर, असा अंदाजाचा व्यवहार होतो. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

जायच्या आदल्या दिवशी: कपाट आणि टेप

कपाट उघडा आणि काय नाही ते लिहून काढा. ‘काळी पॅंट, ऑफिसला, धुता येईल अशी’, इतकं नेमकं. ‘काहीतरी छानसं’ असं लिहिलंत तर छानसं काहीतरी मिळेलच, आणि ते कपाटात पडून राहील. हंगामाचंही भान हवं. हे शो हंगामाच्या आधी होतात, थंडीचे कपडे उकाड्यात आणि उन्हाळ्याचे थंडीत दाखवतात. आज हवंय ते तिथे असेलच असं नाही.

मग आकडा ठरवा, करासकट आणि पाठवणीच्या खर्चासकट. कपड्यांवरचा विक्रीकर राज्याराज्यात वेगळा आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटात रोजच्या कपड्यांवर तो नाही. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरखालच्या कपड्याला राज्याचा कर माफ आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये एका कपड्यामागे १७५ डॉलरपर्यंत सूट आहे. इतरत्र बहुतेक ठिकाणी किमतीवर कर चढतो.

आता टेप. छाती, कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद भाग, खांद्यापासून कंबरेपर्यंतची उंची आणि पायाची आतली लांबी ही मापं इंचांत फोनमध्ये ठेवा. अमेरिकेतला साइज नंबर म्हणजे पक्कं माप नव्हे. १९३९-४० च्या सुमारास सरकारने हजारो बायकांची मापं घेतली, त्यांवरून १९५८ मध्ये प्रमाण साइज ठरवले, पण ते पाळणं ऐच्छिक होतं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतले गेले. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा आठ नंबर तिचा तिचा. ‘मी सहाची आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. स्टायलिस्टकडे कंपनीचा इंचांतला मापांचा तक्ता असतो, तोच मागायचा.

पाच फूट चार इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या बायकांसाठी ‘पटीट’ नावाचा वेगळा साइज असतो, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणी त्यात बसतात. पटीट म्हणजे बारीक नव्हे. त्यात कंबर, मुंढा, खिसा, गुडघा सगळंच वर सरकवलेलं असतं. साधी पॅंट खालून कापून घेतली तर लांबी बसते, पण गुडघ्यासाठी दिलेला आकार पोटरीवर येतो. कंपनी पटीट बनवते का, हे फोनवरच विचारा. बनवत नसेल तर पॅंट आणि अंगाबरोबरचे ड्रेस बाजूला ठेवून जाकिटं, स्वेटर, स्कर्ट यांच्याकडे बघा.

काय घालून जायचं

दहा वेळा कपडे काढायचे-घालायचे आहेत हे धरून चला. अंगाच्या रंगाचे, शिवण न दिसणारे आतले कपडे. पटकन निघणारे बूट, आणि ऑफिसला उंच टाचा घालत असाल तर त्या पिशवीत. त्याशिवाय पॅंटची लांबी कळत नाही. लिपस्टिक आणि डिओडरंट बेताचं, कारण नमुना पुढच्या बाईला घालायचा असतो. बांगड्या, मोठी कानातली आणि मंगळसूत्र विणलेल्या स्वेटरमध्ये अडकतात आणि धागा ओढला गेला की सगळ्यांचीच पंचाईत होते. ती पर्समध्ये ठेवायची नसतील तर जाळीदार विणीच्या वाटेला जाऊ नका. जोडवी पॅंटच्या अस्तरात अडकतात, पातळ मोजे घाला.

ज्यावर जुळवायचं आहे तो कपडा सोबत न्या. निळ्यात किती निळे असतात हे आपल्याला ब्लाउजपीस घेताना चांगलं माहीत असतं. मग इथे आठवणीवर का विसंबायचं?

होस्टेससाठी भेटवस्तू लागत नाही. वेळेवर पोचा आणि अपॉइंटमेंट असेल तर वेळेवर निघा. लहान मुलांना न्यायचं असेल तर आधी विचारा.

रॅकपाशी

आधी लेबल वाचा, मग रंगाच्या प्रेमात पडा. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने कपड्यावर धाग्याचं टक्केवारीसह नाव, कुठल्या देशात बनला ते आणि बनवणाऱ्याचं नाव किंवा ‘आरएन’ क्रमांक असावाच लागतो. हा क्रमांक फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव मिळतं. कसं धुवायचं याचं लेबलही सक्तीचं आहे. ‘फक्त ड्रायक्लीन’ दिसलं की किमतीत मनातल्या मनात भर घाला. समजा २०० डॉलरचं जाकीट आहे आणि प्रत्येक ड्रायक्लीनला १५ डॉलर जातात. वर्षातून सहा वेळा टाकलंत तर तीन वर्षांत जाकिटाहून जास्त पैसे धोब्याला.

कापड मुठीत दहा सेकंद गच्च धरून सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर ऑफिसात दुपारपर्यंत तुमचीही तीच अवस्था. खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात रंग बघा. शो संध्याकाळी असेल तर निदान पिवळ्या दिव्याखालून बाजूला व्हा. मग कपडा उलटा करा. शिवणीत माया किती सोडली आहे, चौकडी किंवा पट्टे बाजूच्या शिवणीवर जुळतात का, अस्तर कुठे ओढलं जातंय का, काजाचे धागे सुटलेत का. ज्या बाईने आयुष्यात शिंप्याकडे चार ब्लाउज टाकलेत तिला हे शिकवावं लागत नाही. फक्त दुसऱ्याच्या घरी कपडा उलटा करायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका, चांगली स्टायलिस्ट उलट खूश होते.

अंगावर घातल्यावर

आरशासमोर ताठ उभं राहिलं की सगळंच बरं दिसतं. म्हणून बसा, खाली वाका, हात वर करा, मग दोन्ही हात समोर घेऊन स्टिअरिंग धरल्यासारखे करा. पाठीत ताणलं तर गाडी चालवताना रोज ताणणार. छातीवर बटणांमध्ये फट पडत असेल तर एक साइज वर जा आणि कंबरेत आत घ्या. पॅंट घालून खुर्चीवर बसल्यावर मागे कंबरपट्टी उघडी पडते का, ते कोणाला तरी बघायला सांगा.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही, हे माहीत असलं तर निम्मे निर्णय सोपे होतात. लांबी कमी करणं, बाही आखूड करणं, कंबर आत घेणं सोपं. सैल करणं माया असेल तरच. खांदा बसत नसेल तर कपडा परत रॅकवर. अस्तराच्या जाकिटाचा खांदा उसवून बसवायला शिंपी इतके पैसे मागतो की तेवढ्यात दुसरं जाकीट येईल, आणि इथली शिवणकामाची मजुरी आपल्या गल्लीतल्या मास्तरांच्या हिशेबाने मोजायची नसते. मुंढा फार खाली असेल तर तोही सोडून द्या.

इथे स्टायलिस्टचा खरा उपयोग करून घ्या. तिने हे सगळे कपडे पन्नास जणींच्या अंगावर पाहिलेले असतात. ‘हा कपडा त्याच्या नंबरापेक्षा लहान बसतो की मोठा?’ आणि ‘धुतल्यावर कसा होतो?’ हे तिला विचारा. ‘मला कसा दिसतो?’ हे आपल्या मैत्रिणीला विचारा, आणि तेही शक्यतो होस्टेस नसलेल्या मैत्रिणीला.

एक खुबी ओळखून ठेवा. कपडे जोडीजोडीने टांगलेले असतात: जाकीट, आत टॉप, खाली पॅंट, वर स्कार्फ. पूर्ण पोशाख बघून सगळाच घ्यावासा वाटतो. प्रत्येक कपड्यामागे स्वतःला विचारा, माझ्या कपाटातल्या निदान तीन गोष्टींवर हा जाईल का? जो फक्त त्या रॅकवरच्याच दुसऱ्या कपड्याबरोबर जातो, तो दोन कपड्यांच्या किमतीचा असतो. याला अपवाद सूटचा. जाकीट आणि पॅंट एकाच रंगाची हवी असेल तर एकाच वेळी मागवा. पुढच्या खेपेचा काळा रंग या काळ्याशी जुळेलच असं नाही.

ऑर्डर देण्याआधी

पेन काढलेलं असतं, ग्लास भरलेला असतो, मागे दोघी ताटकळत असतात. तरी हे विचारल्याशिवाय कार्ड देऊ नका: माझ्या साइजमध्ये माल आत्ता आहे की मागाहून येणार? कधी पाठवणार, आणि माझ्या घरी की स्टायलिस्टच्या? पाठवणीचा खर्च किती? परत करायला किती दिवस? परत केल्यावर पैसे मिळतात की फक्त दुसरा कपडा घ्यायचा? परतीचं पोस्टेज कोणाचं? सवलतीतला माल परत घेतात का? उत्तरं तोंडी नकोत. पावतीवर किंवा ईमेलमध्ये हवीत, आणि पावतीवर कपड्याचा क्रमांक, रंग, साइज स्वतः वाचून बघा.

कायद्याचाही थोडा आधार आहे. फेडरल ट्रेड कमिशनच्या ‘कूलिंग ऑफ’ नियमानुसार दुकानाबाहेर, समोरासमोर झालेली खरेदी तिसऱ्या कामाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कारण न देता रद्द करता येते. विक्री तुमच्याच घरी झाली असेल तर २५ डॉलर किंवा जास्तीच्या व्यवहाराला, दुसऱ्या तात्पुरत्या जागी झाली असेल तर १३० डॉलर किंवा जास्तीच्या व्यवहाराला तो लागू होतो. शनिवार कामाचा दिवस धरतात, रविवार आणि फेडरल सुट्ट्या नाही. विक्रेतीने तारखेची पावती आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात, आणि रद्द केल्यावर दहा दिवसांत पैसे परत करायचे असतात. मात्र दुसऱ्या दिवशी घरून लिंकवर दिलेली ऑर्डर यात येत नाही. स्टायलिस्टच्या स्वतःच्या घरी शो असेल तर ते तिचं कायमचं दुकान मानलं जाऊ शकतं, तिथेही या नियमावर विसंबू नका. कंपनीचा स्वतःचा परतीचा नियम बहुधा याहून उदार असतो, म्हणून आधी तोच बघायचा.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. माल आलाच नाही किंवा दुसराच आला तर ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा आली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बॅंकेकडे लेखी तक्रार करता येते. चेक किंवा रोख रकमेला ही सोय नाही.

आणि घ्यायचं नसेल तर? कारणं सांगत बसू नका. ‘साइज नाही’ म्हटलं की साइज मागवून देतात, ‘महाग आहे’ म्हटलं की हप्ते करून देतात. होस्टेस मराठी असेल तर ‘अगं, सगळं घालून बघितलं, आज नाही घेत काही. बोलावलंस ते छान केलंस’ एवढं पुरे. अमेरिकन होस्टेसलाही हेच, तिच्या भाषेत. काही न घेता निघणाऱ्या बायका प्रत्येक शोमध्ये असतात. मन डळमळत असेल तर कपड्याचा क्रमांक लिहून घ्या आणि ‘उद्या कळवते’ म्हणा. ऑर्डर बहुधा शो संपल्यावरही काही दिवस देता येते.

‘तूही का नाही करत हे?’

दोन-तीन शोंनंतर हा प्रश्न येतोच. होस्टेस व्हायला हरकत नाही. एका संध्याकाळचं आवरणं आणि थोडं खाणंपिणं एवढीच गुंतवणूक. फक्त मैत्रिणींच्या खरेदीवर आपल्याला काय मिळणार, ते त्यांना आधी सांगा. स्टायलिस्ट होणं मात्र वेगळं. सुरुवातीला नमुने किंवा माल विकत घ्यावा लागतो, दर हंगामात पुन्हा घ्यावा लागतो. लेगिंग्ज विकणाऱ्या लुलारो कंपनीवर वॉशिंग्टन राज्याने साखळी योजनेच्या आरोपाखाली दावा लावला होता. २०२१ मध्ये कंपनीने ४७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. कमाई कपडे विकून होते की नव्या विक्रेत्या जोडून, एवढं विचारून बघा. व्हिसावर असाल तर हे उत्पन्न चालतं का, ते वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. आश्रित व्हिसावर कामाची परवानगी नसताना ‘छंद म्हणून’ केलेली विक्रीही अंगाशी येऊ शकते.

आपल्या लोकांचे शो

दिवाळीआधी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये साड्या आणि कुर्ते लागतात, ते शोच आहेत, पण नियम वेगळे. इथे समोरचा माल लगेच घरी येतो, आणि तो बहुतेक वेळा परत घेतला जात नाही. म्हणून बघणं दुप्पट. सहावार साडी तिथेच पूर्ण उलगडा. घडीच्या आतला डाग आणि विरलेला भाग नंतर सापडून उपयोग नाही. रेशीम म्हणून विकत असतील तर शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल मागा. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून बघा: नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची आहे. तीही घ्यायला हरकत नाही, पण त्या किमतीला नको. फॉल-बीडिंग आणि ब्लाउज इथे शिवायला काय पडेल, ते आधीच धरा.

पैसे बहुधा झेलने, म्हणजे फोनवरून थेट बॅंक खात्यात, मागतात. झेलने स्वतःहून पाठवलेले पैसे रोख दिल्यासारखेच, माल खराब निघाला तरी परत मिळायची हमी नाही. व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपवर वस्तूच्या खरेदीसाठी अशी खूण करून पाठवले तर थोडं संरक्षण मिळतं. विक्रेती ओळखीची असली तरी साडीचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.

खोकं आल्यावर

त्याच दिवशी उघडा. परतीचे दिवस पुष्कळदा माल पाठवल्या तारखेपासून मोजतात. टॅग न काढता, घरच्या बुटांवर, घरच्या उजेडात पुन्हा घालून बघा आणि नमुन्यापेक्षा काय वेगळं वाटतंय ते तपासा. ठेवायचं नक्की झाल्यावरच शिंप्याकडे. एकदा कात्री लागली की परतीचा रस्ता बंद. पॅंट धुवायची असेल तर आधी एकदा धुवून मग खालची दुमड घालून घ्या, नाहीतर आटल्यावर घोट्याच्या वर जाते.

साइज नीट बसला असेल तर स्टायलिस्टला तो नंबर नोंदवायला सांगा आणि हंगामाच्या शेवटी ती नमुने विकते का, ते विचारून ठेवा. त्या विक्रीत दर बराच खाली येतो, नमुना तिथल्या तिथे घरी येतो, फक्त तुमचा साइज असायला हवा आणि दहा जणींनी घालून बघितलेल्या कपड्याचे काख, कॉलर आणि चेन नीट तपासून घ्यायला हवेत.